पहिलं बोट

माय, तुझी नात काल दुपारी झाली आणि अजून तिच्या पोटात दुधाचा थेंब गेलेला नाही. सकाळी तिला ऑपरेशनला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलोय, परभणीतच, माझं कॉलेज बघायला तू एकदा माझ्याबरोबर ज्या रस्त्यानं चालत आली होतीस त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात. तेव्हा इथं चिंचेचं झाड होतं आणि त्याच्याखाली थांबून तू चपलेतला खडा काढला होतास. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर तुझं एखादं वाक्य धरून बसावं लागतं. पण आज बोलायला दुसरं माणूसच सुचत नाही. बायको टाके घेऊन वरच्या मजल्यावर पडलीय. सासूबाईंनी कालपासून माझ्याशी अबोला धरलाय. डॉक्टरबाईंना जे सांगायचं ते त्यांनी सांगून टाकलंय, आणि मला जे विचारायचं होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून पिशवीत जे कोरे कागद सापडले त्यांच्यावर तुला लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं हे मला आत्ता, चार ओळी लिहून झाल्यावर आठवलं. असू दे.

झालंय असं, की तिची अन्ननलिका पोटापर्यंत पोचतच नाही. घशातून निघते, छातीत थोडी उतरते आणि तिथंच मोज्याच्या टोकासारखी बंद होते. खालचा तुकडा पोटातून वर येतो तो भलतीकडेच, श्वासनळीला जाऊन चिकटलाय. म्हणजे तिला दूध पाजलं तर ते पोटात जाणार नाही, उलटून फुप्फुसात उतरेल. डॉक्टरबाई नांदेडहून मुद्दाम आल्यात. त्या तिची छाती उघडून खालचा तुकडा श्वासनळीपासून सोडवणार आणि वरच्या तुकड्याला जोडणार. दोन्ही टोकं एकमेकांपर्यंत पोचली तर. अंतर जास्त निघालं तर आज जोडता येणार नाही. पोटाला छिद्र पाडून नळी टाकायची आणि लेकरू मोठं व्हायची वाट बघायची, म्हणजे लेकरानं तेवढी वाट बघितली तर. वजन कमी आहे. कमी म्हणजे किती वाईट, असं मी विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, आपण एकेक पायरी बघू." वर्गात एखाद्या पोरानं मला न येणारं काही विचारलं की मीही याच आवाजात बोलतो.

आणि मजा बघ, मला हे सगळं शिकवता येतं. तुला मी काय शिकवतो ते कधी नीट कळलं नाही, तू गावात "कोंबड्याचा मास्तर हाय" म्हणून सांगायचीस आणि मी चिडायचो. गर्भ कसा घडतो ते मी शिकवतो, माय. अंड्यात, पोटात, एका गोळ्यातून हात कुठं, डोळा कुठं, कणा कुठं हे कसं ठरतं ते. एका नळीच्या दोन नळ्या कशा होतात हा त्यातला एका तासातला दहा मिनिटांचा भाग आहे. परीक्षेला फारसा येत नाही म्हणून मी फळ्यावर दोन गोल काढतो, त्यांच्यात एक रेघ मारतो आणि पुढं पळतो. इतकी वर्षं ती रेघ मारताना माझा हात एकदाही अडखळला नाही. आज ती रेघ माझ्या पोरीच्या छातीत चुकलीय आणि मला फळा फोडावासा वाटतोय. शिकलेल्याचा काय उपयोग, सांग. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा बसलाय, त्याला काहीच माहीत नाही, तो आपला जप करतोय, आणि मला त्याचा हेवा वाटतो. त्याला निदान काय चाललंय ते डोळ्यांसमोर दिसत तरी नाही.

हे सगळं तुझ्या चुलीमागून सुरू झालं. चुलीमागच्या कोपऱ्यात डालग्याखाली तू खुडूक कोंबडी बसवायचीस, आणि मी शाळेतून आलो की तिथंच घुटमळायचो. एके दिवशी तू शेतात गेलेली, मी कोंबडीच्या टोचा खात एक अंडं काढलं आणि खिळ्यानं त्याला वरून खिडकी पाडली. आत पिवळ्यावर लाल धाग्यांची जाळी आणि मधे एक ठिपका, उघडझाप करणारा. मी त्याच्यावर श्वाससुद्धा सोडत नाही. तेवढ्यात तू दारात येतेस, डोक्यावरचा भारा तसाच, आणि माझ्या पाठीत एक रट्टा बसतो. तू आयुष्यात मला मारलेला तेवढा एकच. "आत काम चालू हाय नं? मंग दार कामून उघडलंस?" एवढंच म्हणालीस. मग भारा टाकून माझ्या शेजारी बसलीस आणि तूही बघत राहिलीस. "हलायलंय की रे," असं हळूच म्हणालीस. तो ठिपका थांबेपर्यंत आपण दोघं तिथून उठलो नाही. नंतर तू ते अंडं परसात पुरलंस आणि मला जेवायला वाढलंस.

पुढं मी एमएस्सीला इथं आलो आणि प्रॅक्टिकलला गावरान अंडी लागली. दुकानातल्या अंड्यात जीव नसतो, म्हणून मी निरोप धाडला की कोंबड्याजवळच्या कोंबडीची ताजी अंडी पाठव. चुडाव्याच्या स्टेशनावरून गावातल्या कुणाच्या तरी हाती पॅसेंजरनं डबा आला, कापसात एकेक अंडं गुंडाळलेलं, एकही तडकलेलं नाही. मी ऐटीत डबा लॅबमध्ये नेला, सगळ्यांसमोर पहिलं अंडं फोडलं, तर ते उकडलेलं. सगळीच उकडलेली. पोरं हसून हसून लोळली आणि खाऊनही बसली. सुट्टीत घरी येऊन मी तुझ्यावर ओरडलो तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "मला वाटलं लेकरू भुकेजलंय. मेसचं पोटाला पुरत नसंल, अन् सांगायची लाज वाटायली म्हणून प्रॅक्टिकलचं नाव करायलंय." पुढच्या खेपेला कच्ची आली, आणि त्यांच्यासोबत वेगळ्या फडक्यात उकडलेलीही.

त्याच सुट्टीत मी तुला सांगितलं होतं, आठवतं का, की गर्भाच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळे पडत जातात, एकामागून एक, आणि त्यांच्यामधल्या रेघा कुणी आखत नाही. पेशी आपसांत ठरवतात. तू विचारलंस, "त्यायला कोन सांगतंय रे?" मी म्हणालो, शेजारच्या पेशी सांगतात. एक पेशी काहीतरी पाझरवते, दुसरीला ते लागतं आणि तिला कळतं आपण कुठं उभ्या आहोत. तू तवा उतरवलास. "म्हंजे धुरा कोनी घालत न्हाई. दोनी शेतं मिळून पाडत्यात." मी म्हणालो, व्हय, अगदी शेतांमधल्या बांधासारखंच. "मंग आपल्या गावात कामून पडत न्हाई? इथं तर शेजाऱ्याचं ऐकलं की धुराच जातोय." मी हसत सुटलो. माझ्या गाईडनं मला कधी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता, आणि मी तो हसण्यावारी नेला. कारण कधीकधी पडत नाही, माय. तोच तर प्रश्न आहे.

काल तिला माझ्या हातात दिलं तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. इतकी वर्षं वाट बघून, किती डॉक्टर, किती नवस (माझ्या नकळत केलेले, असं बायको समजते), आणि एवढंसं तोंड. नाक तुझं. सासूबाई तयारीनंच आल्या होत्या. मी तुझी सहाण घरून आणली होती, ती, मधाची वाटी आणि सोन्याची अंगठी. तुझ्या सहाणेवर मधात सोनं उगाळून लेकराच्या जिभेला पहिलं बोट लावायचं, आणि ज्याचं बोट त्याचा स्वभाव लेकराला, हे तू अर्ध्या गावाला केलंस. पोर शांत निघावं म्हणून लोक तुला शेतातून बोलवायला यायचे. तू हात धुवायचीस, डोक्यावर पदर घ्यायचीस आणि जायचीस. मला मात्र तुझं बोट लागलं नाही, कारण तू बाळंतीण, आणि आत्यानं मान मागून घेतलेला. मी कुठं भांडून आलो की तू म्हणायचीस, "आत्याचं बोट हाय ते, माझा काय दोष." मी कॉलेजात गेल्यावर तुला जनुकं समजावून सांगायचो, बोटानं स्वभाव येत नसतो म्हणून. तू ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा कुणाच्या तरी घरी जायचीस. शेवटच्या आजारपणात तू ती सहाण फडक्यात बांधून माझ्या हातात दिलीस. "तुझ्या लेकराला लागंल. बोट चांगल्या मानसाचं लाव." फडक्याची गाठ आवळलीस. "तुझं नको." आपण दोघंही हसलो. तुला हसताना धाप लागली म्हणून मग मी तुला गप्प केलं.

तर सासूबाईंनी बोट मधात बुडवलं. लेकराच्या ओठांवर फेस होता, बारीक बुडबुडे. नर्सनं तो आधी पुसला होता. सासूबाईंनीही पदरानं पुसला. तो परत आला. आणि माझ्या डोळ्यांपुढं तो फळा आला, ते दोन गोल आणि ती रेघ. जिला स्वतःची लाळ गिळता येत नाही तिच्या तोंडाशी ती अशी जमत राहते, हे मी कधीतरी वाचलेलं, पोरांना कधी सांगितलेलंही नाही. मी सासूबाईंचं मनगट धरलं. जरा जोरातच. "जावईबापू, पहिलं बोट हाय. असं मधी हात घालू नाही," त्या म्हणाल्या. मी ओरडलो, तिच्या तोंडात काही घालायचं नाही, कुणीच नाही. वाटी खाली पडली. नर्स धावली. मग इथले डॉक्टर आले, त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, ती छातीत अडकली, पुढं जाईना. छातीचा फोटो काढला तर नळी आतल्या आत वेटोळं करून बसलेली. मी बरोबर होतो. आयुष्यात बरोबर असण्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. सासूबाई कोपऱ्यात बसून म्हणत होत्या, "शुभाच्या टायमाला वाटी पालथी केली." त्यांना कितीदा समजावलं की आधीपासूनच असं होतं, मध गेला असता तर ती तिथंच गुदमरली असती. त्यांना पटत नाही. मलाही सकाळपासून अधूनमधून पटत नाही.

बायकोला वर जाऊन सांगावं लागलं. तिनं आधी विचारलं, "तिला कुणी पाजलं का? मला दूध दाटून यायलंय." मी सगळं सांगितलं. तिनं उशी सरकवून मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "तुमी हेच शिकवता नं? मंग सांगा कामून झालं." तीच पुढं म्हणाली, "गिरहानात मी भाजी चिरली व्हती. आईनं नको म्हणलं, तरी चिरली. तुमीच म्हणला काही होत नसतं." तेव्हा मी तिच्या खाटेवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं असतं. पोटातल्या गर्भाला सुरुवातीला दोन नळ्या नसतातच, एकच असते. तिच्या पुढच्या अंगाला शेजारच्या पेशी एक निरोप सोडत असतात, पाझरणारा. ज्या पेशींना तो लागतो त्या श्वासाच्या होतात. पाठीकडच्या पेशींपर्यंत तो पोचत नाही, तिथं दुसरं काही सांगितलं जात असतं, त्या अन्नाच्या होतात. एकदा ठरलं की श्वासाची पेशी आपल्यातला अन्नाचा गुण दाबून टाकते आणि अन्नाची पेशी श्वासाचा. मधल्या ओळीवरच्यांना दोन्हीकडचं ऐकू येतं, पण दोन्ही होता येत नाही. त्या आपापल्यासारखीला चिकटतात, दुसरीपासून अंग काढून घेतात, आणि त्या ओळीवर नळी आवळत जाऊन एकीच्या दोन होतात. कुठं निरोप थोडा उशिरा गेला, थोडा कमी पडला, की ओळ फसकटते. आणि हे सगळं इतक्या आधी होऊन जातं की तेव्हा तिला दिवस गेल्याचं नीट कळलंही नव्हतं. ग्रहण कितीतरी नंतरचं. तिनं काहीही केलेलं नाही. हे मी तिला तीनतीनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन निरोप कमी कामून पडला?" मी तिचा हात धरून बसलो. तिच्या गाऊनवर दुधाचे डाग पडत होते.

आता दुपार व्हायला आलीय. मघाशी आतून एक माणूस रक्ताची पिशवी न्यायला धावत बाहेर आला आणि तसाच आत गेला, मी "काय झालं" म्हणेपर्यंत दार लागलं. दोनदा मी त्या दारापर्यंत गेलो. काचेवर कागद चिकटवलाय, काही दिसत नाही. एकदा हात वर केला वाजवायला. तुझा रट्टा आठवला आणि परत येऊन बसलो. मला देव मानता येत नाही, तुला माहीत आहे, पण सकाळपासून मी त्या दोन टोकांशी बोलतोय, वेड्यासारखा, सरका रे म्हणतोय, थोडं तुम्ही सरका, थोडं तुम्ही. ज्यांना ऐकू येत नाही अशांशी बोलायची ही पहिलीच वेळ. तुला लिहिणं ही दुसरी. पोर जगली नाही तर मी काय करेन ते मला माहीत नाही. इथं बसून कुणालाही म्हणता येत नाही, तुला म्हणतो: मला भीती वाटतेय, माय. मला ती पाहिजे. ती चिडकी निघाली तरी चालेल, भांडखोर निघाली तरी चालेल, आत्यासारखी गावभर ओरडत फिरली तरी चालेल, तिनं फक्त ओरडावं.

हे कागद मी घडी करून पिशवीत ठेवणार आहे. ते कुठं धाडायचे ते मलाही माहीत नाही. पण एक सांगायचं राहिलं, म्हणूनच बहुधा इतकं लिहिलं. सकाळी तिला आत नेण्याआधी मी दवाखान्याच्या मोरीत गेलो. तुझी सहाण धुतली. काल पालथ्या झालेल्या वाटीच्या तळाशी थोडा मध चिकटून राहिला होता, तो सहाणेवर घेऊन अंगठी उगाळली, तू उगाळायचीस तशी, गोल गोल, हात धुऊन, डोक्यावर रुमाल टाकून. जनुकं समजावून सांगणारा मी. तिच्या तोंडाला लावायचं तर नव्हतंच. बाहेर आलो तेव्हा तिला स्ट्रेचरवर ठेवलं होतं आणि तिचे ओठ पुन्हा फेसाळलेले. मी वाकलो, तुझं नाव घेतलं आणि तिच्या नावाचं ते पहिलं बोट माझ्याच जिभेला लावलं. तुझं ऐकलं बघ, तिला माझं बोट लावलं नाही.